हातातला ब्रेक

स्टुलावरून पडणं हा काही गुन्हा नाही. जगात रोज माणसं पडतात, उठतात, कपडे झटकतात आणि कामाला लागतात. पण ड्रायव्हरबाई पडदा लावताना स्टुलावरून पडल्या, मनगटाला प्लास्टर बसलं, आणि त्यांच्या मुलाने त्या एका पडण्याची केवढी मोठी कथा केली! आईचं वय झालं, आई एकटी असते, रात्री-बेरात्री काही झालं तर, वगैरे वगैरे. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मुलाची कथा काही संपेना.

सगळ्यात आधी त्याने स्टूल नेलं.

"तिकडे लागतंय," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. ड्रायव्हरबाईंनी कान पाहिले आणि स्टूल जाऊ दिलं. पुढच्या खेपेला त्याने शिडी नेली. मग मोठा कुकर गेला, मग शिलाई मशीन, मग भिंतीवरचं घड्याळ. तो दर रविवारी दुसऱ्या गावाहून यायचा, जेवायचा आणि जाताना काहीतरी गाडीत टाकायचा. आईला न्यायचं म्हटलं तर ती येणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो आधी घर नेत होता. आई काय, शेवटच्या खेपेला.

बाईही काही कमी नव्हत्या. स्टूल गेलं तर त्या पाण्याचं पिंप पालथं घालून त्यावर चढायच्या आणि माळा साफ करायच्या. पडल्या नाहीत. पण हे सांगायचं कुणाला? पिंपही गेलं असतं.

दोन खोल्यांचं घर. मागच्या खिडकीतून बस डेपोची भिंत दिसायची. पहाटे पहिली गाडी सुरू झाली की बाईंना अंथरुणात कळायचं, कुणाचा पाय क्लचवर आहे. सगळी नोकरी त्यांनी त्या डेपोत काढली होती, आणि तीही कंडक्टर म्हणून नव्हे, चाकामागे बसून. सगळं गाव त्यांना ड्रायव्हरबाईच म्हणायचं. भाजीवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा एकदा कुणीतरी तेच छापलं होतं.

आणि त्यांची एक मैत्रीण होती, त्याच डेपोतली, तिकीट खिडकीवरची. तिला तिच्या मुलाने नेलं. त्यानंतर कुणी विचारलं, की अमुक बाई हल्ली कुठे असतात हो, तर लोक म्हणायचे, "मुलाकडे असते." बस. माणसाचा पत्ता संपला. घराचं दार नाही, कुलूप नाही, चहाची वेळ नाही, नुसतं मुला'कडे'. त्या 'कडे'ची ड्रायव्हरबाईंना धडकी भरली होती. मुलगा वाईट नव्हता हो. सून तर लाख माणसांत एक. पण 'कडे' तो 'कडे'च.

तर एका रविवारी जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आता महिनाअखेरीला चल. तुझी खोली रंगवून ठेवलीय."

"मला होडी शिकायचीय," बाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातला डाव हवेतच राहिला. "कसली होडी, आई?"

"शिडाची. तलावावर शिकवतात."

मुलगा आधी हसला. मग आई हसत नाहीये हे पाहून त्याला ठसका लागला. "अगं, स्टुलावरून पडलीस तू!"

"होडीत स्टूल नसतं."

आता ही होडी काही आभाळातून पडली नव्हती. बाईंच्या बसचा शेवटचा थांबा होता तलाव. तिथे गाडी वळवायची, चहा प्यायचा आणि परत फिरायचं. नोकरीभर त्यांनी त्या थांब्यावर चहाच्या कपावरून ती पांढरी शिडं पाहिली होती. एकदाही पाण्यात पाय बुडवला नव्हता. वेळच नव्हता ना! गाडी उशिरा सुटली तर खुलासा द्यायला लागायचा. रिटायर झाल्यावर वेळ आला, तर म्हणे वय झालं.

"आई," सून समजुतीने म्हणाली, "वारा पाहून पाठ फिरवावी माणसाने. कशाला उगाच?"

"पाठ फिरवून मी गाडी कधी चालवली नाही," बाई म्हणाल्या. मग हात धुऊन आल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या. "हे बघ. तलावात वरच्या बाजूला, बांधाजवळ, एक पिवळं पिंप तरंगतंय. एकटीने होडी घेऊन मी त्याला वळसा घालून आले, तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही आले, तर तोंडातून ब्र न काढता तुझ्या गाडीत येऊन बसते. महिनाअखेरीला. मंजूर?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने ताटाकडे पाहिलं.

"मंजूर," तो म्हणाला, आणि जाताना इस्त्री घेऊन गेला. पैज जिंकल्यासारखाच!

तलावाच्या काठावर पत्र्याची एक शेड होती. आत ओल्या दोरांचा आणि रबराचा वास. खिळ्यांना नारिंगी जाकिटं टांगलेली. शिकवायला एक तरुण मुलगी होती, काटकुळी, उन्हाने रापलेली, गळ्यात कायम शिट्टी. सगळे तिला शिट्टीच म्हणायचे. तिने ड्रायव्हरबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काकू, नातवाचं नाव घालायचंय का?"

"माझं घालायचंय. आणि काकू म्हणू नकोस. बुडायचंच असेल तर ड्रायव्हर म्हणून बुडेन."

शिट्टी हसली नाही, पण तिने जाकीट काढून दिलं. बाईंना ते आवडलं.

पहिल्या दिवशी दोघी एका होडीत. एवढीशी ती होडी, एक डोलकाठी, एक शीड. शिट्टी म्हणाली, "दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. या हातात सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. त्या हातात शिडाची दोरी. दोरी ओढली की शीड वारा धरतं, होडी पळते. दोरी सोडली की शीड नुसतं फडफडतं, होडी उभी राहते."

सोपं. ऐकायला सगळंच सोपं असतं. पण जन्मभर ज्या बाईने डावीकडे जायला डावीकडे चाक फिरवलं, तिला कुणी उलटं सांगितलं तर हात ऐकतील का? पहिल्याच वळणाला होडी सरळ लव्हाळ्यात घुसली. बदकं ओरडत उडाली. दुसऱ्या वळणाला शिडाची आडवी काठी गर्रकन फिरली आणि बाईंच्या डोक्यावर टण्णकन बसली. आणि जरा वेग आला की बाईंचा उजवा पाय आपोआप होडीच्या तळाला दाबला जायचा. ब्रेक शोधत होता बिचारा.

"तळ फुटेल!" शिट्टी ओरडली.

"याला ब्रेक कुठेय?"

"ब्रेक नसतो!"

"काय बावळट वाहन आहे!" बाई म्हणाल्या.

हे सगळं चाललं असतं. चुका सुधारतात. पण खरी गाठ वेगळीच निघाली. वाऱ्याचा झोत आला, होडी एका अंगावर कलली, पाणी काठाला लागलं आणि शिट्टी ओरडली, "सोडा! दोरी सोडा!" तशी बाईंनी दोरी आणखी आवळली. होडी आणखी कलली. "अहो सोडा ना!" बाईंनी दोरीला मनगटाचा वेढाच घेतला. पुढच्या क्षणाला दोघी पाण्यात, शीड पाण्यावर आडवं, आणि बाईंच्या तोंडातून तलावाचं पाणी आणि डेपोतल्या दोन-चार शिव्या एकदम बाहेर.

असं एकदा झालं असतं तर ठीक. रोज व्हायला लागलं. बाकी सगळं बाई शिकल्या. दांडा उलटा ढकलायला शिकल्या. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, एकदा या काठाकडे आणि एकदा त्या काठाकडे तिरकं तिरकं चढत जायचं, हे शिकल्या. घाटातल्या वळणांसारखंच की, म्हणाल्या. आडवी झालेली होडी तिच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून सरळ करायला शिकल्या. ते तर इतक्यांदा करायला लागलं की न शिकून करतात काय. पण "सोडा" म्हटलं की मूठ घट्ट. अगदी बघत राहावं अशी घट्ट.

शेवटी शिट्टीने हात टेकले. ओल्या कपड्यांनी ती शेडच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "ड्रायव्हरबाई, मी काय बोलते ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय गं."

"मग सोडा म्हटलं की आवळता का?"

बाईंनी केस पिळले. विचार केला. खरं तर त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं.

"सवय आहे," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा सासरे म्हणाले, शिक्षण सोड. नाही सोडलं. मुलगा झाला तेव्हा नवरा म्हणाला, नोकरी सोड. नाही सोडली. तो गेला, तेव्हा डेपोतले साहेब म्हणाले, बाई, आता गाडी सोडा, ऑफिसात टेबल देतो. मी म्हटलं, टेबलाला चाकं लावून द्या. अगं, ज्याने त्याने मला आजवर एकच शब्द सांगितलाय. सोड. सगळ्यांचं ऐकलं असतं तर आज माझ्या हातात काय राहिलं असतं सांग? त्यामुळे तो शब्द कानावर पडला की माझी मूठच मिटते. मी नाही मिटत, ती मिटते."

शिट्टीने पायातला बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाली, "बसमध्ये असताना समोर कुणी आडवं आलं तर काय करायचात?"

"ब्रेक मारायचा."

"ब्रेक मारला म्हणजे गाडी सोडली का?"

"वेडी आहेस का? थांबवली. मग परत चालू."

"तसंच आहे हे. दोरी सोडली की होडी थांबते. होडी कुठे जात नाही, तुम्ही कुठे जात नाही. तुमचा ब्रेक पायात नाहीये, हातात आहे."

दुसऱ्या दिवसापासून शिट्टी "सोडा" म्हणेनाशी झाली. झोत आला की ती ओरडायची, "ब्रेक!" आणि काय सांगावं, मूठ उघडायची! शीड फडफडायचं, होडी शहाण्यासारखी सरळ व्हायची. आजूबाजूच्या होड्यांतली पोरं खदाखदा हसायची. तलावात ब्रेक! हसेनात का. हसणाऱ्याचे दात दिसतात. बाई त्या दिवसापासून पाण्यात पडल्या नाहीत.

महिनाअखेर आली. मुलगा आणि सून सकाळीच हजर झाले. गाडीची डिकी रिकामी होती, बाईंनी जाता जाता वाकून पाहिली. मागच्या सीटवर त्यांच्यासाठी उशी ठेवलेली होती. ती उशी पाहून बाईंना इतका राग आला की चहासुद्धा गोड लागेना.

तलावावर वारा होता. शिट्टीने आकाशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "आज जोर आहे. उद्या करायचं का?"

"उद्या मी मुलाकडे असेन," बाई म्हणाल्या.

"एकटीने जायचं म्हणजे मी काठावरून काही बोलणार नाही हं. नियम आहे. मोटरबोट तयार ठेवते, पण तोंड बंद." तिने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

मुलगा लाकडी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. चेहरा असा, की देव पाण्यात घालून बसलाय. कुणासाठी, ते त्याचं त्यालाच माहीत.

पहिला तिरका टप्पा झकास गेला. बाई पलीकडच्या काठापर्यंत गेल्या, डोकं खाली घालून वळल्या, काठी डोक्यावरून गेली, या बाजूला सरकून बसल्या. आता होडी पुन्हा अलीकडे, धक्क्याच्या दिशेने चढत येत होती. पाणी सपसप कापलं जात होतं. बाईंना एकदम हसू आलं. गाडीचा आवाज नाही, घंटी नाही, कुणी मागून "अहो, थांबा थांबा" म्हणत नाही. आपण चालवतोय आणि ती चालतेय. एवढं सुख कुणी एवढ्या उशिरा का सांगितलं आपल्याला, असं त्यांना वाटलं आणि तेही सुखातच वाटलं.

धक्का जवळ आला. आणि तेवढ्यात बांधाच्या बाजूने पाणी काळं पडत आलं. झोत.

होडी कलली. नेहमीसारखी नाही, एकदम. काठ पाण्याखाली गेला आणि गार पाणी बाईंच्या पायांवर आलं. शीड गच्च फुगलं, दोरी तळहात कापायला लागली. धक्क्यावरून सून जिवाच्या आकांताने ओरडली, "धरा आई! घट्ट धरा!" तिला वाटलं, धीर देतोय आपण.

आणि मुलगा ओरडला, "आई, सोड! सोड आता!"

झालं. मूठ मिटली. सासरे, नवरा, साहेब, सगळे त्या एका शब्दातून एकदम ओरडले आणि बाईंची मूठ अशी मिटली की नखं तळव्यात रुतली. नाही सोडत! मरेन पण नाही सोडत! होडी आणखी झुकली. बाईंना मुलगा दिसला. त्याने बूट काढले होते आणि तो धक्क्याच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरला होता. पोहता येत नव्हतं त्याला. गाढवाला अजिबात पोहता येत नव्हतं, आणि तो पाण्यात शिरत होता! बाईंचा उजवा पाय आपोआप तळाला दाबला गेला, सगळ्या ताकदीने, खचाखच भरलेली गाडी थांबवावी तसा.

पायाखाली काहीच नव्हतं. ब्रेक पायात नव्हता.

बाईंनी मूठ उघडली.

दोरी सर्रकन निसटली, शीड फडाफडा फडफडायला लागलं आणि होडी डुलत डुलत सरळ उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सोड म्हणालं आणि ड्रायव्हरबाईंनी सोडलं. आभाळ कोसळलं नाही. त्यांचं काही गेलं नाही. दोरी तिथेच पायाशी पडली होती, ओली, वाट पाहत.

काठावरून मुलाचा आवाज आला, शिट्टीला सांगत होता, "बास झालं. बोट काढा, आणा तिला." शिट्टीचा आवाज आला नाही. ती जागची हललीही नाही.

बाईंनी झोत जाऊ दिला. घाई केली नाही. समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतात तशा थांबल्या. मग पायाशी वाकून दोरी उचलली, दांडा अलगद घेतला, आणि दोरी ओढली. शिडाने वारा धरला. होडी धक्क्याच्या अगदी जवळून गेली, इतक्या जवळून की मुलाच्या तोंडावर, केसांवर पाणी उडालं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाडी वळवताना प्रवाशांशी बोलायचं नसतं.

अजून दोन टप्पे. झोत पुन्हा आला, त्यांनी दोरी सोडली, पुन्हा धरली. मग पिवळं पिंप आलं. गंजलेलं, शेवाळलेलं, त्यावर एक पाणकावळा बसलेला. बाईंनी त्याला वळसा घातला. पाणकावळ्याने मानसुद्धा वळवली नाही. मेला शिष्ट! तरी बाईंनी त्याला सलाम ठोकला.

येताना वारा मागून होता. पाठीवर वारा घेऊन बाई अशा आल्या की सुनेच्या म्हणीचं सोनं झालं. पाठ फिरवायला हरकत नाही हो, आधी वर जाऊन यावं, मग फिरवावी.

मुलगा अजून गुडघाभर पाण्यातच होता. होडी आली तसं त्याने पुढे होऊन तिचं टोक दोन्ही हातांनी धरलं. चेहरा पांढराफटक. धक्क्यावर सून रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. शिट्टीने खिशातून शिट्टी काढली आणि एवढ्या जोरात फुंकली की पलीकडच्या काठावरची बदकं उठली.

"मला वाटलं, सोडून दिलंस," मुलगा म्हणाला.

"दिलं की. तूच म्हणालास."

"मग?"

"मग परत धरलं," बाई म्हणाल्या. "आणि तू काय करत होतास रे पाण्यात? पोहता येतं का तुला?"

त्याने मान खाली घातली. बाईंनी हात पुढे करून त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. राग होता, अजूनही होता, त्या उशीचा आणि इस्त्रीचा आणि सगळ्याचा. पण माया त्याहून जुनी होती.

"रविवारी स्टूल आणून देतो," तो शेवटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले नाहीत.

"शिडी पण. आणि घड्याळ. वेळ कळत नाही मला."

"हो."

"बरं. आता हो बाजूला."

"म्हणजे? उतरत नाहीस?"

"ही पैजेची फेरी झाली," ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "आता जादा गाडी. माझी." त्यांनी दांडा काखेत घेतला आणि दोरी हातात नीट बसवली.

मुलाने होडीचं टोक अजून धरलेलंच होतं. दोन्ही हातांनी, घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडलेली. ती मूठ बाईंनी ओळखली. आपलीच होती ती, त्याच्याकडे गेलेली.

"आई," तो म्हणाला, "सोडू?"

"सोड, बाळा," त्या म्हणाल्या.